उत्तरदाती की ज्ञानकर्ती? : नागरी वंचित वस्त्यांतील स्त्रियांवरील पीएच.डी. संशोधनाचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

समाजशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र, लोकप्रशासन आणि स्त्री-अभ्यास या सर्वच विद्याशाखांमध्ये 'झोपडपट्टीतील स्त्रिया' हा पीएच.डी.साठी वारंवार निवडला जाणारा विषय आहे. प्रबंधाच्या शीर्षकातील शहराचे नाव बदलते. चौकट मात्र सहसा बदलत नाही. विषयप्रवेश, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, तथ्यांचे विश्लेषण आणि निष्कर्ष व शिफारशी अशी प्रकरणांची मांडणी असते. वस्तीतील स्त्री प्रबंधात प्रत्यक्ष येते ती चौथ्या प्रकरणात, आणि तेथेही कोष्टकातील एक आकडा म्हणून. तिचे वय, शिक्षण, मासिक उत्पन्न, बचतगटात येण्यापूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती यांची टक्केवारी मांडली जाते. संशोधनाच्या परिभाषेत तिला 'उत्तरदाती' म्हणतात. प्रश्न कोणते असावेत हे ठरविण्यात तिचा वाटा नसतो. तिच्याकडून अपेक्षा असते ती केवळ उत्तरांची.

या चौकटीत परिश्रमपूर्वक केलेली, प्रामाणिक आणि उपयुक्त संशोधने झाली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि वंचित वस्त्यांचे रूप पालटण्यात स्त्रियांनी बजावलेली भूमिका हाच जेव्हा संशोधनाचा विषय असतो, तेव्हा ही चौकट अपुरी पडते, किंबहुना ती विषयाच्या विरोधात जाते. ज्या स्त्रियांनी स्वतः गणना केली, नकाशे काढले, घरांचे आराखडे तयार केले आणि आपल्या श्रमाचे मोल सिद्ध केले, त्यांना केवळ उत्तरदाती म्हणून नोंदविणे म्हणजे त्यांच्या कार्याचा गाभाच वगळणे होय. प्रस्तुत लेखात या मुद्द्याची मांडणी मुंबईतील भायखळ्याच्या फुटपाथवासी स्त्रिया आणि पुण्यातील कचरावेचक स्त्रिया या दोन उदाहरणांच्या आधारे केली आहे. दोन्ही उदाहरणांना तीन दशकांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे आणि दोन्हींवर देशविदेशांतील अभ्यासकांनी लेखन केले आहे. त्यामुळे संशोधनाची चौकट तपासून पाहण्यासाठी ती विशेष उपयुक्त ठरतात.

१. 'सक्षमीकरण' : एका शब्दाची चिकित्सा

या क्षेत्रातील प्रबंधांचा मध्यवर्ती शब्द 'सक्षमीकरण' हा आहे. त्याआधी 'सबलीकरण' हा शब्द रूढ होता. भारत सरकारने २००१ हे वर्ष महिला सबलीकरण वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्याच वर्षी महिला सबलीकरणाचे राष्ट्रीय धोरणही स्वीकारले. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला होता, तर १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेद्वारे शहरांतील गरीब स्त्रियांचे गट स्थापन होऊ लागले. योजनांच्या कागदपत्रांतील 'लाभार्थी', 'सक्षमीकरण', 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग' ही शब्दावली तेथून प्रबंधांत आली. शासकीय योजनेचे उद्दिष्ट आणि प्रबंधाचे गृहीतक यांतील अंतर त्यामुळे कमी झाले.

या शब्दाची व्याकरणिक घडणही लक्षात घेण्यासारखी आहे. संस्कृत व्याकरणात अशा रचनेला च्वि प्रत्ययाचा आधार असतो आणि 'जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे' हा त्याचा अर्थ असतो. शुद्धीकरण म्हटले की आधीची अशुद्धता गृहीत धरली जाते. त्याच न्यायाने सक्षमीकरण म्हटले की आधीची अक्षमता गृहीत धरली जाते आणि सक्षम करणारा कर्ता बाहेरचा असतो. तो कधी शासन असतो, कधी बँक, कधी स्वयंसेवी संस्था. शब्दातच दडलेले हे गृहीतक प्रश्नावलीत उतरते. 'बचतगटात आल्यानंतर आपला आत्मविश्वास वाढला काय?' या प्रश्नाला 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' असे पाच पर्याय दिले जातात आणि काय-स्क्वेअर चाचणीच्या आधारे गृहीतक स्वीकारले जाते. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या पाहुण्यासमोर 'नाही, वाढला नाही' असे सांगणाऱ्या स्त्रिया थोड्याच असणार, ही साधी बाब त्या चाचणीत कोठेही येत नाही.

सैद्धांतिक साहित्यात याहून सूक्ष्म साधने उपलब्ध आहेत. नैला कबीर यांनी १९९९ मध्ये संसाधने, कर्तेपण आणि साध्य या तीन परस्परसंबद्ध मितींतून सक्षमीकरणाचा विचार मांडला. निवड करण्याची क्षमता हा त्यांच्या मांडणीचा केंद्रबिंदू आहे. मॅक्सिन मोलिनो यांनी १९८५ मध्ये स्त्रियांच्या व्यावहारिक आणि धोरणात्मक हितसंबंधांत भेद केला. पाणी, शौचालय, रेशन या मागण्या पहिल्या प्रकारात येतात, तर लिंगाधारित श्रमविभागणी बदलण्याची मागणी दुसऱ्या प्रकारात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात या अभ्यासकांचे उल्लेख नेहमी येतात. मात्र दुसऱ्या प्रकरणातील कबीर तिसऱ्या प्रकरणातील प्रश्नावलीपर्यंत क्वचितच पोहोचतात. सिद्धांत आणि साधन यांतील हा दुरावा हा या प्रबंधांचा पहिला पद्धतीशास्त्रीय दोष म्हणता येईल.

२. भायखळा : गणना करणाऱ्या स्त्रिया

जुलै १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकांपैकी ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने निर्णय दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्यात मान्य करण्यात आले. त्याचबरोबर, रीतसर सूचना देऊन आणि पावसाळा संपल्यावर फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. विधी अभ्यासक्रमांत या निर्णयाचा पूर्वार्ध अधिक शिकविला जातो. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र उत्तरार्ध तातडीचा होता.

या पार्श्वभूमीवर 'स्पार्क' ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने भायखळा परिसरात काम सुरू केले. फुटपाथवर राहणारी माणसे नेमकी किती, कोठून आली, कोणते काम करतात, किती वर्षांपासून राहतात, याचा भरवशाचा हिशेब कोणाकडेही नव्हता. १९७६ मध्ये शासकीय जमिनींवरील झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रे देण्यात आली होती, परंतु फुटपाथवासी त्या गणनेत आले नव्हते. जे मोजले गेले नाहीत, त्यांच्यासाठी धोरण असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९८५ मध्ये फुटपाथवासीयांच्या सहभागातून सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना करण्यात आली. तिचा अहवाल 'वुई, द इन्व्हिजिबल' या नावाने प्रसिद्ध झाला. शीर्षकातील पहिला शब्द 'आम्ही' या अर्थाचा आहे. अहवालाचा कर्ता कोण, याचे उत्तर त्या एका शब्दात सापडते.

यातूनच १९८६-८७ च्या सुमारास 'महिला मिलन' ही फुटपाथवासी स्त्रियांची संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील, १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाशी तिची युती झाली. या स्त्रियांच्या कामाचे तपशील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी पद्धतीशास्त्राच्या दृष्टीने वाचावेत असे आहेत. रोजच्या रोज घरोघरी जाऊन लहान रकमांची बचत गोळा केली जाई. बहुतेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक बचतदार स्त्रीच्या पिशवीत रकमेनुसार वेगवेगळ्या रंगांचे कागदी तुकडे ठेवण्याची पद्धत वापरली गेली. ही साक्षरतेवर विसंबून नसलेली नोंदवही होती. वस्तीतील गणनेच्या याद्या लोकांसमोर ठेवून हरकती घेतल्या जात आणि चुका दुरुस्त केल्या जात. संशोधनाच्या भाषेत यालाच माहितीची पडताळणी म्हणतात. येथे पडताळणी करणारा तज्ज्ञ शेजारी राहणारा माणूस होता.

घराच्या आराखड्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. कमी जागेत संपूर्ण कुटुंबाचा संसार कसा मांडावा, हे या स्त्रियांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी सुचविलेल्या घरात छत सुमारे १४ फूट उंच ठेवून पोटमाळ्याची सोय होती. क्षेत्रफळ न वाढविता राहण्याची जागा वाढविण्याचा हा उपाय होता. पूर्ण आकाराच्या घरांची प्रतिकृती उभारून प्रदर्शने भरविण्यात आली. त्यांना वस्तीतील लोक आणि अधिकारी दोघेही येत. अर्जुन अप्पादुराई यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डीप डेमॉक्रसी' या निबंधात बचत, स्व-गणना, घरांची प्रदर्शने आणि शौचालय महोत्सव यांची मीमांसा केली. गरिबांनी स्वतःविषयी निर्माण केलेले ज्ञान हे शासनाशी वाटाघाटी करण्याचे साधन कसे बनते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

या ज्ञानाचा उपयोग पुढे धोरणात झाला. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांनाही पात्र धरण्यात आले. १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये ४०० हून अधिक सामुदायिक शौचालये बांधण्याचा कार्यक्रम राबविला, त्यात या युतीचा महत्त्वाचा वाटा होता. स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रवेश आणि लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था, अशा सोयी त्या रचनेत होत्या. वस्तीत मूल शौचाला कोठे बसते आणि रांगेत त्याला कोण बाजूला सारते, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याच माहितीतून असा तपशील येऊ शकतो.

हे संपूर्ण कार्य 'सक्षमीकरणाचा निर्देशांक' या कोष्टकात बसत नाही. 'आत्मविश्वास वाढला काय?' या प्रश्नाला भायखळ्यातील स्त्रीने 'पूर्णतः सहमत' असे उत्तर दिले, तरी तिने जनगणना केली, नोंदवही शोधली आणि घराचा आराखडा आखला, हे त्या उत्तरातून कळणार नाही.

३. पुणे : श्रमाचे मोजमाप आणि विद्यापीठाचा सहभाग

दुसरे उदाहरण महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे, कारण त्यात विद्यापीठाचा थेट सहभाग होता. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी कचरावेचक स्त्रियांसोबत काम सुरू केले. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत.

कचरा वेचणाऱ्या स्त्रियांकडे समाज कधी दयेने, तर कधी संशयाने पाहत असे. पंचायतीने या दोन्ही दृष्टी नाकारल्या आणि एक साधे विधान केले : कचरावेचक हे कामगार आहेत. या विधानाला पुरावा लागणार होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे कचरावेचकांना मिळाली. ओळखपत्र दाखविल्यावर पोलीस वा सोसायटीचा रखवालदार यांच्याशी बोलण्याची पातळीच बदलते, हे त्याचे रोजचे महत्त्व होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात कचरावेचकांच्या श्रमामुळे महापालिकेचा वाहतूक व विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो, याचे मोजमाप करण्यात आले. शहर या स्त्रियांवर उपकार करीत नसून या स्त्रियाच शहराला विनामूल्य सेवा देत आहेत, हे त्यातून आकड्यांत मांडता आले. त्यानंतर पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला.

पुढे २००७ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदविली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कचराकुंडीत हात घालणारी स्त्री आता दारोदार वर्गीकृत कचरा गोळा करून त्याचे सेवाशुल्क घेऊ लागली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांची व्याख्या देण्यात आली, आणि त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकण्यात आली.

येथे संशोधनाचा प्रश्न कसा तयार झाला, हे महत्त्वाचे आहे. 'कचरावेचक स्त्रियांचे राहणीमान कसे आहे?' हा प्रश्न विद्यापीठात बसून सुचू शकतो. 'आमच्या कामाने नगरपालिकेचे किती पैसे वाचतात?' हा प्रश्न संघटनेच्या लढ्यातून येतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून शिफारशी निघतात. दुसऱ्याच्या उत्तरातून मागणी उभी राहते. विद्यापीठातील अभ्यासकांनी येथे मोजमापाचे तंत्र पुरविले. काय मोजायचे, याची दिशा मात्र कष्टकरी स्त्रियांच्या अनुभवाने ठरली.

४. परिवर्तनाची किंमत

वरील विवेचनावरून हे प्रयत्न निर्दोष होते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गौरवपर लेखन हा या क्षेत्रातील दुसरा दोष आहे. प्रश्नावलीवर आधारलेला प्रबंध स्त्रीला आकडा करतो, तर यशोगाथा सांगणारा प्रबंध तिला प्रतीक करतो. दोन्हींत तिच्या श्रमाचा हिशेब राहून जातो.

कॅरोलाइन मोझर यांनी १९८९ मध्ये गरीब स्त्रियांच्या तिहेरी भूमिकेची मांडणी केली : उत्पादक श्रम, घरातील पुनरुत्पादक श्रम आणि समुदायाच्या व्यवस्थापनाचे श्रम. यांतील तिसरे काम सहसा विनावेतन असते आणि ते स्त्रीचे कर्तव्य मानले जाते. बचत गोळा करणे, बैठकीला जाणे, वॉर्ड ऑफिसात तासन्तास थांबणे, गणनेची यादी पुन्हा तपासणे हे सर्व काम दिवसभराच्या मजुरीनंतर आणि स्वयंपाकाच्या आधी किंवा नंतर होते. 'सामाजिक सहभाग वाढला' या कोष्टकातील वाढलेली टक्केवारी म्हणजे प्रत्यक्षात झोपेचे कमी झालेले तास असू शकतात. प्रबंधात सहभाग मोजला जातो. त्यासाठी लागलेला वेळ मोजला जात नाही.

पुनर्वसनाच्या प्रश्नातही अशीच गुंतागुंत आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांचे स्थलांतर झाले, तेव्हा सुमारे ६० हजार लोकांच्या पुनर्वसनात महासंघ, महिला मिलन आणि स्पार्क यांनी गणना व वाटपाचे काम केले. बुलडोझरविना झालेले हे स्थलांतर आदर्श म्हणून नोंदविले गेले. त्याच प्रकल्पाच्या रस्ते-घटकातील विस्थापितांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाने २००५ च्या अहवालात पुनर्वसनातील गंभीर उणिवा दाखविल्या आणि २००६ मध्ये बँकेने संबंधित घटकांचे अर्थसाहाय्य काही महिने थांबविले. मानखुर्द-गोवंडीच्या उंच इमारतींत पक्के घर मिळाले, तरी धुण्याभांड्यांची कामे जुन्या वस्तीजवळ राहिली. अशा वेळी 'घर मिळाले काय?' या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर आणि 'काम टिकले काय?' या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर एकाच स्त्रीचे असू शकते.

अनन्या रॉय यांनी २००९ मध्ये बैरूत आणि मुंबई यांच्या तुलनात्मक अभ्यासात याच युतीच्या राजकारणाची चिकित्सा केली. वस्तीतील संघटना जेव्हा स्वतःच गणना, पात्रता आणि स्थलांतर यांचे व्यवस्थापन करू लागते, तेव्हा ती शासनव्यवहाराचाच भाग बनण्याची शक्यता असते, असा त्यांचा आक्षेप आहे. अप्पादुराई ज्याला गरिबांची लोकशाही म्हणतात, त्यातच रॉय यांना नियमनाची यंत्रणा दिसते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने या दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन प्रकरण संपविणे सोपे आहे. खरे संशोधन तेथून सुरू व्हावे : यादीत नाव घालणाऱ्या स्त्रीचे आणि यादीतून नाव गळालेल्या स्त्रीचे म्हणणे काय आहे? या दोघी एकाच गल्लीत राहिलेल्या असतात. एकीची मुलाखत घेऊन दुसरीची न घेणे हा नमुना निवडीतील गंभीर दोष ठरेल.

पुण्यातील सहकारी संस्थेलाही करारांच्या नूतनीकरणातील अनिश्चितता आणि कचऱ्याचे काम खासगी कंत्राटदारांना देण्याचा दबाव यांना तोंड द्यावे लागले आहे. एकदा मिळालेली मान्यता कायम राहतेच असे नाही. 'पूर्वी' आणि 'नंतर' असे दोनच रकाने असलेले कोष्टक ही चढउताराची प्रक्रिया टिपू शकत नाही.

५. जात, नाव आणि ग्रंथकर्तृत्व

'नागरी गरीब स्त्रिया' हा शब्दप्रयोग जातिनिरपेक्ष वाटतो. वस्ती तशी नसते. कोणत्या जातीच्या स्त्रिया कचरा वेचतात आणि कोणत्या जातीच्या स्त्रिया पोळी-भाजी केंद्र चालवितात, हा योगायोग नाही. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या भिन्न स्वराविषयी आणि त्यावर आधारित स्त्रीवादी भूमिकेविषयी केलेली मांडणी, तसेच दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील त्यांचे २००६ मधील पुस्तक, यांनी हा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला. अनेक प्रबंधांत मात्र जात ही 'सामाजिक प्रवर्ग' या एका कोष्टकापुरती येते आणि विश्लेषणात परत दिसत नाही.

या संदर्भात मराठीतच एक महत्त्वाचा पद्धतीशास्त्रीय आदर्श उपलब्ध आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आंबेडकरी चळवळीत सहभागी झालेल्या स्त्रियांचा शोध घेत, त्यांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मुलाखतींतून हा इतिहास सिद्ध करण्यात आला. या स्त्रिया ग्रंथात आपापल्या नावानिशी येतात. त्यांच्या आठवणी ही केवळ 'तथ्ये' राहत नाहीत. त्या इतिहासाच्या घडवणाऱ्या ठरतात. शीर्षकातील 'आम्हीही' आणि भायखळ्याच्या अहवालातील 'आम्ही' यांचे नाते येथे लक्षात येते. दोन्ही ठिकाणी प्रथमपुरुषी सर्वनाम हाच संशोधनाचा दावा आहे.

याउलट प्रबंधात उत्तरदातीचे नाव गाळले जाते. त्यामागे संशोधन-नीतीचे सबळ कारण आहे. घरातील हिंसा, कर्ज, अनधिकृत बांधकाम यांविषयी बोलणाऱ्या स्त्रीला ओळख उघड झाल्याने धोका संभवतो आणि तेथे नाव गाळणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे. परंतु जिने वस्तीचा नकाशा काढला किंवा नोंदीची पद्धत शोधली, तिचे नाव गाळणे म्हणजे तिचे ग्रंथकर्तृत्व नाकारणे होय. विद्यापीठात दुसऱ्याच्या कल्पनेचा नामोल्लेखाविना वापर केल्यास त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. वस्तीतील स्त्रीच्या कल्पनेला हाच नियम का लागू नये, हा प्रश्न संशोधन समित्यांनी विचारात घेण्यासारखा आहे.

६. संशोधन-आराखड्याविषयी काही सूचना

प्रश्नावलीची चौकट टिकून राहण्यास संस्थात्मक कारणेही आहेत. अध्यापनाचा पूर्ण कार्यभार सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला दोन-तीन वर्षे वस्तीत जाऊन राहणे शक्य नसते. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली, ती २०२२ च्या नियमांत अनिवार्य राहिली नाही. २०१० पासून पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आली. या काळात लवकर पूर्ण होणाऱ्या आणि कोष्टकांत सहज मावणाऱ्या संशोधनाला साहजिकच प्राधान्य मिळाले. दोष एकट्या संशोधकाचा नाही. तरीही उपलब्ध मर्यादेत पुढील बदल शक्य आहेत.

१) प्रश्नावली निश्चित करण्यापूर्वी वस्तीतील स्त्रियांच्या किमान एका बैठकीत 'तुम्हाला कोणती माहिती हवी आहे?' असे विचारावे आणि त्यातून आलेला किमान एक प्रश्न संशोधनाच्या उद्दिष्टांत समाविष्ट करावा.

२) वस्तीने स्वतः केलेल्या गणना, बचतीच्या नोंदी, अर्ज आणि पत्रव्यवहार यांना प्राथमिक साधनांचा दर्जा द्यावा. गणनेचा आकडा व्याख्येवर अवलंबून असतो, याचे भान त्यासाठी हवे. बृहन्मुंबईत झोपडपट्टीतील लोकसंख्येचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक होते, तर २०११ मध्ये ते सुमारे ४१ टक्के नोंदले गेले. फुटपाथवासी तर झोपडपट्टीऐवजी 'बेघर' या वेगळ्या वर्गात मोजले जातात. असे आकडे उद्धृत करताना कोणाला वगळले आहे, हे सांगणे आवश्यक ठरते.

३) उत्पन्नाबरोबर वेळेचा हिशेब नोंदवावा. संघटनेच्या कामासाठी स्त्री किती तास देते आणि त्या वेळेतील घरकाम कोणाकडे जाते, विशेषतः मोठ्या मुलीकडे जाते काय, याची नोंद घ्यावी.

४) संघटनेतून बाहेर पडलेल्या किंवा यादीतून वगळल्या गेलेल्या स्त्रियांचा नमुन्यात जाणीवपूर्वक समावेश करावा.

५) नाव उघड करावे की गाळावे, हा निर्णय त्या स्त्रीशी बोलून, विषयागणिक घ्यावा. प्रबंधाचे निष्कर्ष वस्तीतील बैठकीत तिच्या भाषेत मांडावेत आणि तेथील हरकती परिशिष्टात नोंदवाव्यात. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर उपलब्ध होतो, हे चांगलेच आहे. परंतु ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्यांच्यापर्यंत तो त्या मार्गाने पोहोचत नाही.

समारोप

नागरी वंचित वस्त्यांचे परिवर्तन स्त्रियांनी कसे घडविले, या प्रश्नाचे उत्तर केवळ वाढलेल्या उत्पन्नात किंवा आत्मविश्वासाच्या टक्केवारीत सापडत नाही. भायखळ्याच्या फुटपाथवरील स्त्रियांनी न मोजल्या गेलेल्यांची गणना केली, तर पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी न मोजल्या गेलेल्या श्रमाचे मोल मांडले. दोन्हींचे सामर्थ्य ज्ञाननिर्मितीत होते आणि त्या ज्ञानाने नियम, करार व घरांचे आराखडे बदलले. या बदलांची किंमतही त्याच स्त्रियांनी वेळ, अंतर आणि अनिश्चिततेच्या रूपाने मोजली. त्यामुळे गौरव आणि आकडेवारी यांपलीकडे जाऊन या दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणे हे पीएच.डी. संशोधनाचे काम ठरते.

विद्यापीठाची या स्त्रियांना गरज असते. पुण्याच्या उदाहरणात मोजमापाचे तंत्र विद्यापीठातूनच आले. तितकीच विद्यापीठालाही त्यांची गरज आहे, कारण योग्य प्रश्न तेथून येतात. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर संशोधकाचे आणि मार्गदर्शकाचे नाव असते. ज्ञान ज्यांच्याकडून आले त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशातील 'सर्व उत्तरदात्या भगिनी' या दोन-तीन शब्दांत संपविण्याची प्रथा बदलली, तर या विषयावरील पुढील प्रबंध अधिक शास्त्रशुद्ध होतील आणि अधिक न्याय्यही.